पोटभर बघून घे

मुलांनो, क्षणभर डोळे मिटून बघा. पायाखाली ओल्या दगडी पायऱ्या आहेत, नाकाला शेवाळाचा वास येतोय, आणि समोर पाणी असं कोसळतंय की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतंय. कोंडेश्वरच्या धबधब्याशी उतरणाऱ्या कैलासला जग नेहमी असंच भेटायचं. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं.

अनोळखी पायरी आली की तो चपला काढून हातात घ्यायचा आणि पायाच्या अंगठ्याने काठ चाचपत चालायचा.

"लय निसरडं आहे. दोघंही धरा मला," रिक्षावाला चंदू म्हणाला. एका हाताला कैलास, दुसऱ्या हाताला कैलासची मुलगी प्रगती.

वांगणीहून निघाल्यापासून प्रगतीने चंदूचं डोकं खाल्लं होतं. वाटेवरच्या प्रत्येक ओढ्याशी तेच, आणि आता धबधब्याशीही.

"काका, धार एकच आहे का? पाणी कसल्या रंगाचं?"

"अगं, समोर तर आहे! मधे जाडी, उजवीकडे बारकी. पाणी म्हणशील तर टपरीवरचा चहा."

"तोंड बंद ठेव आणि डोळे उघड की," कैलास म्हणाला. चंदू खो खो हसला.

घरातले डोळे म्हणजे प्रगतीच. तिच्या आईलाही दिसत नव्हतं. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, विजेचं बिल, सगळं प्रगती वाचायची. हल्ली मात्र कंटाळा करायची. "शेजारच्या काकूंना विचारून येते," म्हणून पळायची. कैलास रागवायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीची नजर हळूहळू जाणार. वर्ष-दोन वर्षं आहेत. काय दाखवायचं ते दाखवून घ्या.

म्हणून आज त्याची बदलापूर स्टेशनबाहेरची मोबाईल कव्हरांची पथारी बंद होती.

"मी रिक्षा वळवून ठेवतो. या सावकाश," म्हणत चंदू वर गेला.

"आता सांग," कैलास म्हणाला. "नीट बघून सांग."

"मधे ना पप्पा, जाडी धार आहे. आईच्या वेणीसारखी, पण शंभर वेण्या एकत्र! उजवीकडे बारकी. पाणी चहासारखं. आणि देवळावरचा झेंडा फडफडतोय."

"आणि?"

"आणि तुम्ही हसताय."

कैलासच्या डोळ्यांतून केव्हाचं पाणी गळत होतं. तुषारांमुळे पोरीला कळलं नाही, हे बरंच झालं, असं त्याला वाटलं.

"पोटभर बघितलंस ना?"

"हो."

"विसरशील?"

"कधीच नाही. आईलापण सांगणार."

कैलासला हलकं वाटलं. एवढं तरी तिच्यापाशी राहील. पुढे कितीही काळोख झाला, तरी हे पाणी आत पडत राहील.

"चल, तू पुढे हो," तो म्हणाला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

प्रगती जागची हलली नाही. मग खांदा खाली वाकला आणि पुन्हा वर आला. तिच्या हातातल्या ओल्या चपला कैलासच्या हातातल्या चपलांना लागल्या.

प्रगतीने उजवा पाय हळूच पुढे सरकवला, आणि ती अंगठ्याने पहिल्या पायरीचा काठ शोधू लागली.