तुझं तू ठरव

गुरुवार होता, म्हणून देवाला न मानणाऱ्या कालिपाने कढई चढवली. गुरुवारी घरात तेलाचा वास सुटला की गेलेल्या माणसांची भूक भागते, असं काराकोलमध्ये सगळे मानतात. कालिपा मानत नाही. नोकरीभर तिने शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मेल्यावर माणसाचं काय होतं, ते ती फळ्यावर आकृती काढून सांगायची. पण नवरा गेल्यापासून तिचा एकही गुरुवार चुकलेला नाही. कणकेचे चौकोन तेलात सोडायचे, बोर्सोक फुगून वर आले की एसेनचं नाव घ्यायचं. पुढची प्रार्थना तिला येत नाही, त्यामुळे तिथेच थांबायचं.

तिची लेक मेरिम टेबलाशी कणीक कापत बसली होती. ती दुपारीच बिश्केकहून आली होती. उद्या तिला इथल्या हॉस्पिटलात जायचं होतं. तिकडच्या हॉस्पिटलात नवऱ्याच्या, उलानच्या, घरचं कोणी ना कोणी भेटतंच. पदरात दोन मुलं, धाकटा आत्ता कुठे शाळेत जायला लागलेला, तिची स्वतःची नोकरी नुकती परत सुरू झालेली. तिसरं ठेवायचं की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

"अपा, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुझं शरीर, तुझं आयुष्य. तुझं तू ठरव."

"उलानही हेच म्हणतो. डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या. सगळे इतके समजूतदार झालात, की माझ्याशी बोलायला कोणी उरलंच नाही."

कालिपाने झारा कढईच्या काठावर आपटला. "मग काय, पाप आहे म्हणू? तसं वाढवलं नाही मी तुला. आठव्या आठवड्यात त्याला काही कळत नाही, दुखत नाही."

"ठाऊक आहे. नववीत तूच शिकवलंस, सगळ्या वर्गासमोर. मी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते." मेरिमने सुरी खाली ठेवली. "आमच्या जाऊबाईंचं बरं आहे. मौलवींना फोन केला, त्यांनी काय ते सांगितलं, बाई जेवून झोपल्या. मी कुणाला फोन करू? तुलाच ना?"

तेल जास्त तापलं होतं, कालिपाने गॅस बारीक केला.

"बाबा आता कुठेच नाहीत, हे तुला माहीत आहे," मेरिम म्हणाली. "तरी दर गुरुवारी त्यांच्यासाठी तळतेस. म्हणजे जो गेला, त्याचं आपण काहीतरी देणं लागतो. मग जो अजून आलाच नाही, त्याचं लागतो का? चिडवत नाहीये गं. खरंच विचारतेय."

वर्गात कोणी असा प्रश्न विचारला असता, तर कालिपाने त्याला शाबासकी दिली असती आणि घंटेची वाट बघितली असती. इथे घंटा होणार नव्हती.

"तुझ्या आधी एक होतं," ती म्हणाली.

मेरिमने वर पाहिलं.

"मी नुकती नोकरीला लागले होते. याच हॉस्पिटलात गेले. तेव्हा सगळ्याच जायच्या, दात काढायला जावं तशा. तुझ्या बाबांनी विचारलं, ठेवायचं का? मी म्हटलं, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? देव नाही, म्हणजे प्रश्नच नाही, असं होतं आमचं. त्यालाच आम्ही विज्ञान समजायचो."

"पस्तावतेस?"

"केल्याचा पस्तावा नाही. विचार करूनही कदाचित तेच केलं असतं. एका खोलीत राहत होतो, पडद्यापलीकडे सासू. पण विचार केलाच नाही ना. कोटाचं कापड निवडायला मी दोन रविवार घालवले होते, मेरिम. त्याचं वाईट वाटतं. फार वाईट वाटतं." तिने कोरडेच हात एप्रनला पुसले.

कढईतले बोर्सोक करपायला लागले होते. मेरिमने उठून गॅस बंद केला.

"आता ऐक," कालिपा म्हणाली. "विचारलंस म्हणून सांगते. मला ते मूल हवंसं वाटतंय. कारण काही नाही, म्हातारीची हौस आहे. तू त्या हौसेवर जाऊ नकोस. विचारात घे, पण सगळ्यात शेवटी. आणि नको असं ठरलं, तरी उद्या मी तुझ्याबरोबर येईन. तोंड वाकडं करणार नाही."

"हे आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, गप्प बसणं म्हणजेच मान देणं."

मेरिम रडायला लागली. कालिपाने तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने मेरिमने नाक पुसलं.

"तेव्हा बाबा काय म्हणाले?"

"त्यांना कुठे आत सोडत होते? पुरुष सगळे खाली अंगणात. वरचा मजला बाळंतिणींचा, खालचा आमचा. नवे बाप वर बघून ओरडायचे, मुलगा की मुलगी म्हणून. तुझे बाबा त्यांच्यातच सफरचंदांची पिशवी घेऊन उभे होते. मी खिडकीतून बघत होते. एकाने त्यांना मिठी मारली, अभिनंदन केलं."

"मग?"

"मग काय," कालिपा म्हणाली. "आभार मानले त्यांनी. आणि सफरचंदं सगळ्यांना वाटून टाकली."