दुसरं शिफारसपत्र

"यात लिहिलंय की विभागातली कंदीलपुष्पाची वेल तुम्ही मारलीत. खरं आहे का?"

अध्यक्षबाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून बुद्धभूषणकडे पाहिलं. सर्किट हाउसच्या त्या खोलीत पंखा फिरत होता, तरी त्याच्या पाठीवरून घाम ओघळला. इतका वेळ मुलाखत झकास चालली होती. इंग्लंडमधल्या वनस्पती उद्यानात दोन वर्षं शिकायची शिष्यवृत्ती होती. सगळ्या जिल्ह्यातून एकच जागा. पुण्याची समिती यंदा, म्हणजे २००२ साली, पहिल्यांदाच कोल्हापुरात आली होती. कुरुंदवाडहून आई-बाबा सकाळच्या पहिल्या एसटीनं येऊन बाहेर बाकावर बसले होते.

अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. पहिलं त्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख सयाजीराव देसाईसर यांनी दिलं होतं. दुसरं, अर्जदाराचं काम रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या कुणाचंही चालेल, हुद्द्याची अट नाही, असं छापलेलं होतं. बुद्धभूषण सरळ बागेत गेला होता, यल्लाप्पाकडे. यल्लाप्पा विभागाचा माळी. पानं चोळून, वास घेऊन झाड ओळखायला त्यानंच शिकवलं होतं. त्यानं पत्र ऑफिसातल्या वर्षाराणीबाईंना सांगून लिहून घेतलं, खाली सही केली आणि लिफाफा स्वतः चिकटवून दिला.

"काय लिवलंय ते इचारायचं न्हाय," एवढंच तो म्हणाला होता.

आणि त्यात हे होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती वेल शाहूवाडीच्या डोंगरातून आणलेली होती. अशा वेली उभ्या रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिला लवकर फूल यावं, आपल्या प्रकल्पात त्याचा फोटो असावा, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बुद्धभूषणनं तिला कुणाला न विचारता खत घातलं. वर भरपूर पाणी. आठवड्यात कंद सडला. तो रडत यल्लाप्पाकडे गेला आणि सगळं सांगितलं. यल्लाप्पानं कुजलेला कंद उकरून पाहिला आणि हात झटकले. सुट्टी संपल्यावर सरांनी यल्लाप्पालाच धारेवर धरलं. लेखी ताकीद दिली. तो खाली मान घालून उभा राहिला. उद्या सरांना सांगू, असं बुद्धभूषणनं ठरवलं. मग परीक्षा झाल्यावर. मग निकाल लागल्यावर.

आत्ता देसाईसर कॉलेजचे प्रतिनिधी म्हणून समितीच्या शेजारीच बसले होते.

"काहीतरी गैरसमज आहे, मॅडम," सर घाईनं म्हणाले. "ती वेल माळ्याच्या हलगर्जीपणानं गेली. मी स्वतः चौकशी केली होती."

सुटकेची वाट आयती समोर आली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही सर," बुद्धभूषण म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मी मारली. खत मी घातलं. यल्लाप्पाकाकांना माहीत होतं, त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आणि मीही तुम्हाला सांगितलं नाही. दोन वर्षं."

देसाईसरांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. "मग त्या ताकिदीचं…" ते पुटपुटले. मग खाली बघत म्हणाले, "ती उद्याच मागं घेतो मी. त्याच्यापाशी जाऊन."

शिष्यवृत्ती गेली, हे बुद्धभूषण धरूनच चालला होता. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. बाहेर जाऊन आई-बाबांना काय सांगायचं याचीही भीती वाटेना. तो उठायला लागला.

"बसा. पासपोर्ट काढलाय का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अं? नाही."

"मग उद्याच अर्ज करा. वेळ लागतो त्याला." त्यांनी त्याच्या अर्जावर सही केली, समितीतल्या बाकीच्या दोघांपुढे सरकवला, आणि पत्राचा शेवटचा भाग त्याच्यासमोर धरला. "हे वाचा. आम्ही हे आधीच वाचलं होतं."

वर्षाराणीबाईंनी यल्लाप्पाचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते:

'झाड ह्यानं मारलं. मला त्याच दिशी सांगितलं, पर सायबास्नी सांगायचं धाडस झालं न्हाय. तुमी त्याला इचारा. खरं बोलला तर बिनघोर धाडा, तिकडची झाडं बी त्याच्या हाती द्या. न्हाय बोलला, तर अजून वरीसभर माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या.'