बोटीवरचा विचार

"बरोबर," तत्त्वज्ञ म्हणाले आणि चरित्रकाराने पुन्हा एकदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

तासभर हेच चाललं होतं. ज्या माणसाने जन्मभर समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, स्वतःच्या सत्कारात मानपत्रातल्या चुका उभं राहून सांगितल्या, तो आज खिडकीपाशी शाल पांघरून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

चरित्रकार त्यांचा जुना विद्यार्थी. दहाएक वर्षं तो सरांच्या विचारांचं चरित्र लिहीत होता. जन्म, लग्न, मधुमेह वगैरे दोन पानांत उरकून बाकीचं सगळं पुस्तक एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं: विचाराला मालक असतो का? तरुणपणी सर म्हणत, असतो. ज्याने केला त्याचा. म्हातारपणी त्यांनी हे मत सोडलं, हा चरित्रकाराचा शोध. शेवटचं प्रकरण त्या शोधावर उभं होतं आणि तो शोध गेल्या हिवाळ्यात याच खोलीत घेतलेल्या मुलाखतींवर. त्याआधी, पहिल्या खर्ड्यात, तो नुसता अंदाज होता. पुस्तक उद्या छपाईला जायचं होतं.

"सर, शेवटचं एकदाच विचारतो. विचाराला मालक नसतो, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?"

"बोटीवर," सर लगेच म्हणाले. "वादळ सुटलेलं. मी कठडा धरून उभा. कुठली लाट कुठे संपते, काही कळेना. म्हटलं, विचारही असाच. इकडून तिकडे जातो, मधल्या मध्ये आपण भिजतो."

चरित्रकाराचं पेन थांबलं.

सर बोटीवर कधी गेलेच नव्हते. गेले होते ते त्यांचे एक कट्टर विरोधक. चरित्रकाराने दोघांची टिपणं एकाच खोक्यात ठेवली, ती एकमेकांत मिसळली आणि पहिल्या खर्ड्यात विरोधकांची बोट सरांना घेऊन निघाली. चूक लक्षात आल्यावर त्याने पुढच्या खर्ड्यातून ती गुपचूप काढून टाकली होती. भिजण्याचं वाक्य मात्र विरोधकांचंही नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं. लिहिलं त्या दिवशी त्याने ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं.

"सर," त्याने जपून विचारलं, "बोट चालली कुठे होती?"

सर जरा गोंधळले. "ते त्यात दिलेलं नाही."

सरांची मुलगी चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवले आणि चरित्रकाराला डोळ्यांनीच स्वयंपाकघरात बोलावलं.

"अहो, बोट कसली? बाबा तलावातल्या होडीतसुद्धा बसत नाहीत. भोवळ येते त्यांना."

"मग हे काय आहे, ताई?"

"बाबांनी मत द्यावं म्हणून तुम्ही पहिला खर्डा दिला होतात ना, तो त्यांच्या उशाशी असतो. रोज सकाळी वाचतात. तो मिळण्याआधी रोज उठले की मला विचारायचे, 'अगं, मी कोण गं?' पहिले काही दिवस मला वाटलं, तत्त्वज्ञानातलंच काहीतरी आहे."

"हे मुलाखतींच्या आधीपासून?"

"आधीपासून."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? माझं अख्खं प्रकरण..."

"तुम्ही इथून किती खूश होऊन जात होतात! म्हटलं, दोघांचंही बरं चाललंय."

म्हणजे हिवाळाभर तो स्वतःचीच मुलाखत घेत होता आणि दर वेळी स्वतःशी पूर्ण सहमत होऊन घरी जात होता. हे प्रकरण काढलं, तर उरलेल्या पुस्तकात नवं म्हणण्यासारखं काही नव्हतं. ठेवलं, तर ते खोटं होतं.

"तो खर्डा मला परत द्या," तो म्हणाला. "त्यात चुका आहेत."

"खुशाल न्या." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "फक्त उद्या सकाळी ते उठायच्या आत या. ते विचारतील त्याचं उत्तर तुम्ही द्या."

तो बाहेर आला. खर्डा सरांच्या मांडीवर होता. पानांचे कोपरे वापरून मऊ झाले होते. त्याने एक कड धरली. दुसऱ्या कडेवरची म्हातारी बोटं सुटली नाहीत.

"सर, ती बोट खोटी आहे. हे तुम्ही म्हणालाच नाहीत. मी म्हणालोय."

सर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांची भुवई चढली, ओठ हलले. आता आपल्याला झापणार, या आशेने चरित्रकार पुढे झुकला.

सरांनी शेवटचं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. तिच्यावरून त्यांनी तळहात फिरवून पाहिला.

"हे इथेच थांबतं," ते हळूच म्हणाले. "पुढे मी काय म्हणतो?"