दुसऱ्या काट्याचा शोध

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, मालक, आणि त्यात कुणाचा दोषही नाही," तेरेंझिओ म्हणाला. "मी स्वतः घोड्यावर नसतो, तर मीही ठेवला नसता."

अंगणात कुणी हसलं नाही. समुद्राकडून वारा सुटला होता आणि तबेल्यात फाल्को घोडा दाराला लाथा घालत होता. तीन पायांवर उभा राहून चौथ्याने. मागचा डावा पाय त्याला टेकवत नव्हता.

मालक ओत्ताव्हिओच्या हातात स्वाराने टाचेवर बांधायचा लोखंडी काटा होता. त्याची चामड्याची वादी एका टोकाला तुटून लोंबत होती. गुराखी बास्तियानोला तो सकाळी कालव्याच्या चिखलात सापडला होता. एकच. पहाटे कुणीतरी फाल्कोला गुपचूप बाहेर काढून कालव्यावरून उडवलं होतं, आणि घोड्यांचा बाजार पंधरा दिवसांवर आला होता. ज्याने हे केलं, त्याने आज दिवस मावळायच्या आत वाडी सोडायची, असं मालकाने सगळ्या गुराख्यांना सांगून टाकलं होतं.

"म्हणजे फाल्को तू नेलास? या वयात?"

"घोड्याने वय विचारलं नाही, मालक."

तेरेंझिओने नातीकडे बघायचं टाळलं. एर्सिलिया विहिरीपाशी उभी राहून एप्रनचं टोक पिळत होती. उजाडताना त्याने तिला तबेल्यात फाल्कोचे ओले पाय पुसताना पाहिलं होतं. कोण बसलं होतं, असं विचारलं तर म्हणाली, "विचारू नका आजोबा, मी शपथ घेतलीय." त्याला आणखी काय कळायचं राहिलं होतं? पोरीला चोरून घोड्यावर बसायला त्यानेच शिकवलं होतं. मग कालव्यात सापडलेला काटा आपलाच म्हणता यावा म्हणून त्याने स्वतःच्या काट्यांची जोडी जवाच्या पोत्यात खोल खुपसली आणि गोष्ट जुळवायला बसला.

ओत्ताव्हिओने वादी उचलून धरली. "ही तुझी? बक्कल शेवटच्या भोकात आहे. तेही नंतर आरीने पाडलेलं. तुझ्या बुटाला ही अर्धी पुरेल का?" आणि त्याची नजर हळूच विहिरीकडे, एर्सिलियाच्या लहानशा पायांकडे वळली.

"आकसली," तेरेंझिओ घाईने म्हणाला. "कालव्यात भिजली, मग उन्हात पडली. चामडंच ते."

"एका सकाळीत चार बोटं?" बास्तियानो म्हणाला.

"तू गप रे. माझ्या भावाची चामडी विजार अशीच भिजली नि अंगावर वाळली. लग्नात उभा राहिला तो राहिलाच. चाळीस वर्षं झाली, वहिनी अजून सांगते, माझा नवरा कुणापुढे वाकत नाही."

दोघंतिघं फिसकन हसले. मालक हसला नाही.

"आणि दुसरा काटा?"

"तिथेच तर गंमत आहे. घोडा उडाला, मी उडालो, आणि उजवा पाय थेट एका बैलाच्या शिंगावर. काटा शिंगात अडकला तो अडकलाच. आता तो बैल मान हलवतो, काटा खुळखुळतो, आणि गायींना वाटतं प्रार्थनेची घंटा झाली. पाद्रीबाबांना विचारा, आज देवळापुढे किती गायी उभ्या होत्या."

"आजोबा, पुरे," एर्सिलिया पुढे येत म्हणाली. "मालक, मला काही..."

"बैल कुठल्या रंगाचा होता?"

हा प्रश्न दोन्ना क्लेलियाचा होता. मालकाची आई दाराशी वेताच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला, तेव्हापासून ओत्ताव्हिओ तिला अंगणापलीकडे पाऊल टाकू देत नसे.

"करडा, बाईसाहेब."

"आपले सगळेच करडे आहेत, तेरेंझिओ."

"म्हणून तर सापडत नाही."

म्हातारीने मान हलवली आणि पुढची शेंग उचलली. एर्सिलिया ओठ मिटून जागच्या जागी थांबली. तबेल्यात पुन्हा लाथ बसली.

"आई, तू याला चढवू नकोस," ओत्ताव्हिओ म्हणाला. तो अंगणात दोन फेऱ्या मारून तेरेंझिओपुढे येऊन थांबला. "शेवटचं विचारतो. तूच?"

"मीच."

"बरं. घर रिकामं कर. पोरगी स्वयंपाकघरात राहील, तिचा यात काही संबंध नाही."

तेरेंझिओने टोपी काढली. एकावन्न वर्षं तो या घोड्यांमागे धावला होता, आणि आता झोपायचं कुठे हेही त्याला ठाऊक नव्हतं. तरी छातीवरचा दगड उतरला. पोर वाचली.

"पण तुझ्या शब्दावर नाही सोडायचा मी हा प्रश्न," मालक म्हणाला. "बास्तियानो, चौघांना घे, दाताळी घे. कालवा विंचरून काढा. दुसरा काटा हातात आला, त्याची वादी मापून पाहिली, की मग कळेल ही जोडी कुणाच्या पायातली."

एर्सिलियाचा चेहरा पांढरा पडला. ती खुर्चीतल्या म्हातारीकडे बघत होती, आजोबाकडे नाही. तेरेंझिओला ते विचित्र वाटलं.

माणसं दाताळी घेऊन फाटकाकडे निघाली.

"थांबा रे," दोन्ना क्लेलिया म्हणाली. मांडीवरचं शेंगांचं टोपलं तिने खाली ठेवलं आणि खुर्चीच्या हाताला धरून, हळूहळू, आपली आपण उभी राहिली. "म्हातारा खोटं बोलतोय, पहिल्या शब्दापासून. त्या पोरीला मी शपथ घातली होती, तिला काही म्हणू नका. आणि कालव्यात उगाच चिखल तुडवू नका, दुसरा काटा नाहीच. आमच्या वेळी बायका दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या अंगाला सोडून बसायच्या, ओत्ताव्हिओ. काटा एकच लागायचा."