टेकडीमागची झाडं

"काही तक्रार?" उज्ज्वला मॅडमनी पुन्हा विचारलं आणि माइक रुपाबाईच्या तोंडापाशी नेला.

सारा तांडा श्वास रोखून बसला होता. जंगल वाढवताना तिथल्या माणसाला कुणी नाडलं तर नाही ना, हे हल्ली देशाला जगापुढे सांगावं लागतं. तेच विचारत मॅडम दिल्लीच्या वतीनं, कॅमेरा घेऊन, मानोऱ्याहून या तांड्यावर आल्या होत्या. आणि ज्याला नाडलं त्याचीच बायको समोर बसली होती.

रुपाबाईचा नवरा सेवादास या बंजारा तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख. होळी पेटायची ती त्याच्याच हातानं. तीन वर्षांमागे त्या होळीसाठी त्यानं टेकडीवरून वाळून पडलेली एक फांदी ओढून आणली. वनपाल मारोतरावांनी त्याला भर तांड्यात उभं केलं. "चोट्टा साला! कान धर अन् काढ उठाबशा!" साठी उलटलेला नाईक वाकत राहिला, उठत राहिला. नाईकाची ही दशा नजरेस पडू नये म्हणून सुनांनी तोंडावर पदर ओढले. रुपाबाईनं ओढला नाही. तिनं शेवटपर्यंत पाहिलं. सेवादासनं त्या दिवशी लाल पागोटं उतरवलं ते पुन्हा बांधलं नाही, आणि पुढची होळी यायच्या आत भिंतीकडे तोंड करून तो मेला.

म्हणून आज सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. दीर हेमला मागून ढोसत होता, "बोल वैनी, बोल आता!"

मारोतराव मात्र निवांत उभे होते. अकोल्याला बदली झाल्याचे पेढे त्यांनी कालच वाटले होते. वनपालावरच्या तक्रारीचं पुढे काय होतं, हे तांड्याला पाठ होतं. चौकशी, चहा आणि बदली. ती तर यांची झालेलीच होती.

रुपाबाईनं माइक हातात घेतला.

"तक्रार? कायची तक्रार, बाई? देवमाणूस हाय आमचा साहेब. येताना पाह्यले ते रस्त्यावरचे झाडं तर कायीच नाई. टेकडीमागं पाहा, जिकडं तिकडं झाडंच झाडं! पोटच्या लेकरावानी वाढवले त्यायनं. होळीले या तुमी. तिथंच होळी करू, साहेबाच्या हातानं. फक्त तवरक साहेबाले हलवू नका, बाई. ते गेले त झाडं मरतीन."

मारोतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. टेकडीमागे नुसते दगड आणि कुसळं. तिथल्या लागवडीचा पैसा ते खाऊन, वर ढेकर देऊन मोकळे झाले होते. आपण अकोल्याला गेलो की ती भानगड नव्या माणसाच्या गळ्यात पडणार, असा त्यांचा हिशेब होता.

उज्ज्वला मॅडम हरखल्या. असा तांडा त्यांना साऱ्या दौऱ्यात भेटला नव्हता. देशाच्या अहवालात त्यांनी या टेकडीचं नाव सगळ्यात वर घातलं. होळीला परदेशी पाहुणे आणायचं ठरलं. आणि ते येऊन जाईपर्यंत मारोतरावांना हलवू नका, असा वरून निरोप आला.

मॅडमची गाडी वळणाआड जाताच हेमला भडकला. "माह्या भावाचा जीव घेतला त्यानं, अन् तू त्याची आरती ओवाळली?" तो अंगणात थुंकला आणि वहिनीशी बोलणं टाकून दिवाळीनंतर तांड्यासोबत ऊसतोडीला निघून गेला. रुपाबाई त्याला समजवायला गेली नाही. विरजण लावलेलं भांडं हलवायचं नसतं.

माघात, होळी महिन्यावर आली तेव्हा, मारोतराव तिच्या दारात आले. पायी.

"रुपाबाई, काहून असं केलं तुमी? चार शिव्या घातल्या असत्या त परवडलं असतं मले."

"म्हनूनच नाई घातल्या."

त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "निदान झाडं लावाले मानसं तरी द्या."

"तांडा त सारा कारखान्यावर गेला, साहेब. बाहेरून आना."

बाहेरून मजूर आणले असते तर जिल्हाभर बोभाटा झाला असता. झाडं नाहीत म्हणावं, तर खाल्लेलं बाहेर पडतं. आहेत म्हणावं, तर ती दाखवावी लागतात. इकडे आड, तिकडे विहीर. मारोतरावांनी गुपचूप रोपवाटिकेतून रोपांची गाडी आणवली, कुदळ घेतली आणि एकटेच टेकडीमागे गेले.

दुसऱ्या दिवशी रुपाबाई टेकडी चढली. काखेत एक गाठोडं होतं. खाली ऊन रणरणत होतं. मारोतराव खड्ड्यावर वाकत होते, रोप लावत होते, गुडघ्यावर हात टेकून उठत होते. पुन्हा वाकत होते, पुन्हा उठत होते. सुटलेलं पोट प्रत्येक वेळी आड येत होतं. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि पुढचा सगळा उतार रिकामाच होता.

ती एका दगडावर बसली. गाठोडं सोडून तिनं सेवादासचं लाल पागोटं मांडीवर ठेवलं. तीन वर्षं पोटात पेटलेली आग आज पहिल्यांदा निवत होती. तिनं पदर मागे सारला आणि डोळे भरून पाहिलं.

मारोतरावांची नजर वर गेली. ते तसेच अर्धे वाकून थांबले.

"थांबू नका, साहेब," रुपाबाई म्हणाली. "कान नाई धरले तरी चालन."