लाकडाची आठवण

"परत खरखर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काळी बॅग टेबलावर ठेवली. बॅगेच्या तुटक्या चेनला तीच सेफ्टी पिन लावलेली होती.

गिटार दुरुस्तीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाकडे एकच काम चौथ्यांदा यावं, ही काही मिरवायची गोष्ट नाही. कारागिराचा चेहरा मात्र परीक्षेत पहिला आल्यासारखा फुलला.

"मागच्या वेळच्याच जागी?" त्याने विचारलं.

"नाही. या वेळी सातव्या फ्रेटवर. सगळ्यात जाड तारेला."

"बघ, पाचावरून सातावर सरकली," तो बायकोला म्हणाला.

बायको बाईंच्या कार्डावर शिक्का मारत होती. कार्डावर त्यानेच छापून घेतलेलं वचन होतं: खरखर परत आली तर दुरुस्ती पुन्हा, मोफत. त्याखाली त्याच्या घाईच्या अक्षरात 'लाल इलेक्ट्रिक गिटार' एवढंच लिहिलं होतं.

त्याने गिटार उलटी करून तिची मान डोळ्यासमोर धरली. गिटारचं रंगरूप बघण्यात त्याने कधी वेळ घालवला नव्हता. त्याच्या लेखी गिटार म्हणजे मान. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे फ्रेटना, तार घासली की खरखर होते आणि मान वाकडी झाली की तार घासते. ही मान वाकलेली होती. गेल्याच आठवड्यात त्याने आतली सळई पिळून ती सरळ केली होती.

लाकूड आपला जुना आकार विसरत नाही, कितीही सरळ करा, ते आठवणीने परत वळतं, असं तो गेली दहा वर्षं सांगत होता. वाद्य कारागिरांच्या संघात यावरून त्याची यथेच्छ चेष्टा व्हायची. तिथे त्याचं नावच 'आठवणवाले' पडलं होतं. ते त्याला फार लागायचं, पण हाताशी पुरावा नव्हता. आता पुरावा स्वतःच्या पायांनी दुकानात येत होता.

"आणि या तारा?" बायको म्हणाली. "बुधवारीच नव्या घातल्यास ना? या तर गंजल्यात."

"काहींच्या हाताला घाम फार येतो."

"आठवड्यात गंज चढण्याइतका?"

"तू शिक्के मार."

बाई घड्याळ बघत होत्या. "लवकर होईल ना? रविवारी शाळेचा कार्यक्रम आहे. एकही गिटार खरखरली तर मुलींचं तोंड उतरेल हो. वर्षभर घोकलंय त्यांनी."

"उद्या न्या."

"आणि शुक्रवारी परत यावं लागलं तर चालेल?"

"चालेल म्हणजे? याच तुम्ही," तो इतक्या जोरात म्हणाला की बायकोने मान वर केली.

शुक्रवारी बाई आल्या. तीच बॅग, तीच पिन, खरखर बाराव्या फ्रेटवर. त्याने मान मोजली आणि वहीत आकडा मांडला. जेवणाचा डबा तसाच राहिला. काम उरकून त्याने गिटार बाईंच्या हवाली केली आणि वही काखोटीला मारून थेट संघाच्या बैठकीत धडकला.

"एकच गिटार. तीन आठवड्यांत पाच वेळा वळली," त्याने जाहीर केलं.

संघाचे बुटके अध्यक्ष हसले. "दुरुस्ती नीट होत नसेल."

"मग रविवारी स्वतःच्या कानांनी ऐका. पाच वेळा वळली ती सहाव्यांदाही वळेल. ऐन कार्यक्रमात खरखरली नाही, तर लाकडाच्या आठवणीबद्दल मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही."

दहा वर्षांची चेष्टा एका संध्याकाळी फिटणार होती. त्याने स्वतः धावपळ करून पहिल्या रांगेत नऊ खुर्च्या धरल्या.

रविवारी संघाचे सातही जण आले. तो मधोमध बसला. शेजारी बायको होती आणि मांडीवर वही. बाईंनी विंगेतून त्याला पाहिलं आणि भरल्या डोळ्यांनी हात जोडले. त्याला बरं वाटलं, पण थोडं वाईटही वाटलं, कारण तो त्यांची गिटार बिघडण्याची वाट बघत होता.

"कान उघडे ठेवा. लाल गिटार," तो रांगेतल्या सगळ्यांना म्हणाला.

दिवे मंदावले. पडदा वर गेला. पाच मुली ओळीने उभ्या होत्या आणि पाचही जणींच्या खांद्याला लाल गिटार होती. त्यांनी एकदम तारा छेडल्या. सूर स्वच्छ निघाला, खरखर कुठेच नव्हती.

बुटके अध्यक्ष त्याच्या कानाशी वाकले. "आठवणवाले, यातली तुमची कुठली?"