कुशाबाचं कुलूप

तिसरा पासवर्डही चुकला. पडद्यावरच्या चिमुकल्या कुलपावर फुली उमटली आणि लॅपटॉप गप्प झाला.

"बिल्ला नंबर पण नाही चालला," दुरुस्तीच्या दुकानातला दौलत म्हणाला. "अजून काही सुचतंय, मॅडम?"

कौसल्याने नकारार्थी मान हलवली. बाबांचा गिरणीतला बिल्ला नंबर तीन एक चार सहा. बँकेच्या कार्डाला तोच, प्रवासी बॅगेच्या कुलपालाही तोच. दुसरा नंबर या माणसाला ठाऊकच नाही, असं आई म्हणायची.

"आईचं नाव घाल. रमाबाई," स्टुलावर बसलेले गंगाधरकाका म्हणाले.

"घातलं, काका. दुसऱ्या खेपेला तेच घातलं," कौसल्या म्हणाली.

"मग कुशाबा फोन उचलल्यावर म्हणायचा ते घालून बघा. 'कोन पायजे?'"

दौलत हसला. कौसल्याला हसू आलं नाही. बाबा, म्हणजे कुशाबा, जाऊन आठवडा झाला होता, आणि हसू किंवा रडू, दोन्ही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

गंगाधरकाका बाबांचे गिरणीतले सोबती. शेजारच्या साच्यावर कापड विणायचे, शेजारच्या खोलीत राहायचे. आज दुकानात ते आपणहून आले होते.

लॅपटॉप तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला. तिने तो घरी आणला, आणि दुपारी दार लोटून बाबा त्याच्यापुढे बोलून रेकॉर्ड करत बसू लागले. गिरणीच्या संपाच्या आठवणी, एवढंच ते सांगत. "पेटीला कुलूप पाहिजे," असं म्हणाले, तेव्हा तिनेच त्यांना बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन पासवर्ड कसा लावायचा ते दाखवलं. ते एका बोटाने आकडे दाबत असताना तिने तोंड फिरवलं होतं.

आता रविवारी चाळीत शोकसभा होती. संपाच्या काळात गिरणीची पायरी न चढलेल्या माणसाचा आवाज मंडळाला तिथे ऐकवायचा होता. कौसल्याला तो वेगळ्या कारणासाठी हवा होता. बाबांचा चेहरा तिला आठवत होता, खोकला आठवत होता. आवाज आठवत नव्हता. तो कानावर पडला की आतलं काहीतरी सुटेल, असं तिला वाटत होतं.

"डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर?" तिने विचारलं.

"लावली ना. डिस्कला पण लॉक आहे. बायोसचा पुसता येईल एक वेळ, पण डिस्कला खरा पासवर्डच लागणार. दोन्हीकडे एकच असेल बहुतेक."

"मग?"

"बोर्डवर एक चिप असते, बायोसचा पासवर्ड त्यात असतो. बॅटरी काढली तरी जात नाही. वायरी लावून वाचायला लागेल."

"राहू दे ग," गंगाधरकाका म्हणाले. "कशाला चिरफाड? सभेत मी बोलेन की. मी होतोच त्याच्याबरोबर."

"वाचा," कौसल्या दौलतला म्हणाली.

दौलतने लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला घेतले. समोरच्या काचेच्या इमारतीवरून उलटलेलं ऊन त्याच्या टेबलावर पडलं होतं.

"काका, बिल्ला म्हणजे काय पितळेचा?"

"पितळेचा. वर नंबर. आमचे तीनने सुरू व्हायचे. संप चालू असताना जे मागच्या गेटने आत शिरले, त्यांना मालकाने नवे दिले, नऊने सुरू होणारे. नऊवाले म्हणायचो आम्ही त्यांना." काकांनी चहाचा ग्लास हातात घेतला. "आतच जेवायचे, आतच झोपायचे. बाहेर यायची छाती कुठे होती? आमच्या मजल्यावरचा हरेश्वर नऊवाला निघाला. त्याच्या बायकोची बादली नळावर कुणी लावू देत नसे."

"आईशप्पथ. तुम्ही पण?"

"पहिली लाथ माझीच बसली बादलीला."

"मग तुम्ही लोक खायचे काय संपात?"

"मी आणि कुशाबा गावी गेलो. आंब्याच्या बागेत मजुरी केली उन्हाळाभर."

ते कौसल्याला आठवत होतं. ती तेव्हा दुसरीत होती. पावसाच्या तोंडावर बाबा दारात उभे राहिले, आणि आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "उन्हातान्हात राबून माणूस रापतो, तुम्ही गोरे होऊन आलात." त्यानंतर ते हिंदमाताला कापडाच्या दुकानात लागले. गिरणीचं नाव निघालं की ताठ बसायचे.

दौलतने केसासारख्या दोन वायरी चिपच्या पायांना डाख देऊन जोडल्या. दुसऱ्या मशीनवर आकड्या-अक्षरांच्या ओळी सरकल्या. एका ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"हा बघा. चारच आहेत. यात सरळ आकडे नसतात, कुठलं बटण दाबलं त्याचा कोड असतो. तक्त्यावरून लावायला लागतो."

"लावा," कौसल्या म्हणाली. चार आकडे. ती जवळ सरकली.

दौलतने भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं. "पहिला... नऊ."

काकांचा ग्लास ओठांपाशी थांबला.

"परत बघा," कौसल्या म्हणाली.

"बघितला, मॅडम. नऊच आहे."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. कौसल्याला प्रत्येक कीक वेगळी ऐकू आली. आईचं ते वाक्य तिने मनात एकदा पुन्हा म्हटलं. काही सुटलं नाही.

"पुढचा शून्य," दौलत म्हणाला. "मग चार. आणि शेवटचा..." त्याचं बोट तक्त्यावर खाली उतरू लागलं.

"सात," गंगाधरकाका म्हणाले.

दौलतचं बोट थांबलं. त्याने तक्ता पाहिला, मग काकांकडे पाहिलं. "सातच आहे. तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी ग्लास खाली ठेवला. ते कौसल्याकडे बघत नव्हते.

"त्याच्या आधीचा बिल्ला माझा," ते म्हणाले. "रांगेत मी पुढे होतो."